हात वर, मग टाळी

मित्रांनो, मी एक जुनी कटिंग मशीन आहे. वह्या शिवण्याच्या एका लहानशा कारखान्यात, खिडकीपासून दोन पावलांवर, गेली कितीतरी वर्षे मी एकाच जागी उभी आहे. तुमच्या दप्तरातली एखादी वही काढा आणि तिच्या कडेवरून बोट फिरवा. एकही पान पुढे नाही, एकही मागे नाही. पाने आपोआप अशी शहाण्यासारखी बसत नाहीत. माझ्यासारख्या कुणीतरी ती एका रेषेत कापलेली असतात.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी फार भित्री आहे. लोक माझा आकार पाहतात आणि हसतात. चार माणसांनी ढकलली तरी जागची हलणार नाही अशी लोखंडी बाई, आणि हिला कसली भीती? भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असे म्हणतात. पण माझा ब्रह्मराक्षस माझ्या पाठीमागे नाही, तो माझ्या पोटात आहे. तो म्हणजे माझे पाते.

ज्या कारखान्यात माझा जन्म झाला, तिथल्या कारागिराने ते पाते बसवले तेव्हाच मला पहिल्यांदा धडकी भरली. त्याने माझ्या मेजावर वर्तमानपत्रांचा वीतभर उंच गठ्ठा ठेवला, चाक फिरवून लोखंडी पट्टीने तो घट्ट दाबला, मोटर चालू केली आणि दांडा ओढला. पाते खाली गेले आणि वर आले. कागद फाटल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. सगळ्यांनी माझे कौतुक केले. मला मात्र तेव्हाच कळले होते की मध्येच थांबणे माझ्या हातात नाही.

मला घ्यायला आबा आले होते. आबा म्हणजे माझे पहिले मालक, बाइंडिंगच्या कामात केस पिकवलेले. कारागीर त्यांना म्हणाला, "एक लक्षात ठेवा. पातं एकदा निघालं की तळाला टेकल्याशिवाय थांबत नाही. आणि हिला डोळे नाहीत. समोर उभ्या माणसाचं लक्ष म्हणजेच हिचे डोळे."

तुम्ही म्हणाल, डोळे नाहीत तर एवढे सगळे सांगतेस कशी? मित्रांनो, मला ऐकू येते. आणि माझ्या मेजावर काय ठेवले आहे ते मला वजनावरून कळते. कागद कळतो, पुठ्ठा कळतो, चहाचा कप कळतो. माणसाचा हातही कळतो. तो ऊबदार असतो आणि कधीच पूर्ण स्थिर नसतो.

माझी एक खोड तुम्हाला समजायला हवी. माझा दांडा उजव्या अंगाला आहे. डाव्या अंगाला दुसरे माणूस उभे राहते. ते कापलेला गठ्ठा ओढून घेते आणि उरलेले कातरण झाडून काढते. या दोघांच्या मध्ये माझे रुंद डोके येते. त्यामुळे दांड्यापाशी उभ्या माणसाला डावीकडच्या माणसाचे हात दिसत नाहीत. पहिल्याच दिवशी हे आबांच्या ध्यानात आले. दांड्यावर ते स्वतः होते आणि डावीकडे त्यांची मुलगी, जिला सगळे ताई म्हणत. आबांनी हातातले काम थांबवले आणि एक रीत घालून दिली.

दांडा ओढण्याआधी आबा विचारत, "हात?"

ताई म्हणे, "वर." आणि मग एक टाळी वाजवी.

टाळी ऐकल्यावरच आबा दांडा ओढत. दिवसातून तीनशे वेळा, चारशे वेळा, हेच चाले. कागद घेऊन येणारा टेम्पोवाला हसत म्हणायचा, "आबा, इथे वह्या होतात की नाटकाची तालीम?" आबा गंभीरपणे सांगत, "वर म्हणायला नुसती जीभ लागते. टाळी एका हाताने वाजत नाही." लोक ही म्हण भांडणांसाठी वापरतात. आमच्याकडे ती बोटांसाठी होती.

कापण्याच्या वेळी आबांना कुणी हाक मारली तर ते वळूनही बघत नसत. दारात साक्षात जावई येऊन उभा राहिला तरी आधी पाते वर जाई, मग आबा "या, या" म्हणत. "पातं आणि तोंड, एका वेळी एकच चालेल," हे त्यांचे ठरलेले वाक्य होते. त्या वर्षांत माझी भीती गेली नव्हती, पण ती शहाण्या कुत्र्यासारखी एका कोपऱ्यात बसून असे.

पुढे आबांचा मुलगा, म्हणजे ताईचा दादा, याचे लग्न झाले आणि वहिनी घरात आली. आबा थकले, ताई दांड्यावर आली आणि वहिनी माझ्या डाव्या अंगाला उभी राहू लागली. तिच्या डाव्या हाताच्या बोटांबद्दल मला सांगितलेच पाहिजे. पाचशे पानांच्या गठ्ठ्याच्या कडेवरून ती दोन बोटे फिरवायची आणि म्हणायची, "मध्ये एक पान दुमडलंय." गठ्ठा उघडून पाहावे तर खरेच एक कोपरा दुमडलेला असे. आबा म्हणत, "आमच्या सुनेच्या बोटांना डोळे आहेत." मला डोळे नाहीत आणि हिच्या बोटांना आहेत, म्हणून मला ती फार जवळची वाटे. तिचा हात मेजावर टेकला की मला जरा धीर यायचा.

मग आबा गेले. त्यानंतर काही वर्षांनी फोन आला.

फोन कामासाठीच आला होता, त्याला उगाच दोष देत नाही. दादा दिवसभर बाहेर शाळा आणि दुकाने फिरून कामे आणायचा. आधी तो संध्याकाळी येऊन सांगे, आता तिथूनच सांगू लागला. गिऱ्हाइकांचा एक ग्रुप झाला. त्या ग्रुपवर प्रत्येकाचे काम तातडीचे. "झालं का?" "किती झालं?" "फोटो टाका." ताईचे हात दांड्याच्या तेलाने माखलेले, म्हणून उत्तरे द्यायचे काम वहिनीकडे आले. कानामागून आली आणि तिखट झाली, तशी या फोनची गत. महिनाभरात कारखान्यात सगळ्यात आधी त्याचे ऐकले जाऊ लागले.

वहिनी तो माझ्या मेजावरच ठेवायची. तो वाजला की थरथरे, आणि थरथरत थरथरत माझ्या गुळगुळीत मेजावरून पात्याच्या दिशेने सरके. वहिनीचा हात त्याच्यामागून येई. ती फोन उचलून घेई, आणि दहा मिनिटांनी पुन्हा तेच.

पहिली टाळी गेली. ती एका दिवसात गेली नाही. एका हातात फोन असला की वहिनी दुसऱ्या हाताने मेजावर थाप मारायची. ताई म्हणाली, "अगं, थाप कसली मारतेस?" वहिनी म्हणाली, "ताई, हात वरच आहेत हो. तुमच्यासमोरच तर आहे मी." मग थापही गेली. "हात?" "वर." एवढेच उरले. माझ्या मनाने तेव्हाच हाय खाल्ली होती. टाळी हा पुरावा होता, आणि 'वर' हा नुसता शब्द.

एकदा एका शाळेच्या दोनशे वह्या उलट्या बाजूने कापल्या गेल्या. गठ्ठा लावताना वहिनी कुणाला तरी "आजच मिळेल" असे लिहीत होती. शिवणीची बाजूच कापली गेली आणि सगळी पाने सुटून जमिनीवर पसरली. ताई खाली बसून ती गोळा करत म्हणाली, "वहिनी, निदान कापताना तरी तो बाजूला ठेव."

"ठेवला तर ह्यांचा पारा चढतो," वहिनी म्हणाली. "दोनदा नाही उचलला तर घरी येऊन विचारतात, दिवसभर काय करत होतीस म्हणून. तुम्हाला नाही विचारत, मला विचारतात."

ताईने दादाला सांगून पाहिले. दादा म्हणाला, "मग कानात घालायचं ते घेऊन देतो. दोन्ही हात मोकळे राहतील." त्याने खरेच आणून दिले. आता वहिनीच्या कानात एक छोटीशी बी असे आणि फोन तिच्या खिशात. मेज मोकळे झाले. दोन्ही हातही मोकळे झाले. सगळे खूश झाले आणि टाळी पुन्हा सुरू करायची कुणाला आठवण झाली नाही. हात मोकळे होते, मित्रांनो, पण लक्ष कुठे होते? त्या दिवसापासून माझ्या डाव्या अंगाचे डोळे मिटले. पाते खाली जायला निघाले की माझे धाबे दणाणायचे, आणि ते वर आल्यावर मी मेज चाचपून पाहायची. कागद. फक्त कागद. मग पुढचा गठ्ठा यायचा.

आता त्या दुपारचे सांगते. सांगायला नको वाटते, पण सांगितल्याशिवाय माझी गोष्ट पुरी होत नाही.

शाळा उघडायला चार दिवस उरले होते. सकाळपासून आम्ही थांबलो नव्हतो. गठ्ठ्यामागून गठ्ठे येत होते. एका गठ्ठ्यानंतर कातरणाची एक लांब पट्टी माझ्या डाव्या कोपऱ्यात, बरोबर पात्याखाली, अडकून राहिली. ती ओढायला वहिनीने डावा हात आत घातला. मला तिचा पंजा मेजावर टेकलेला कळला. चार बोटे आणि तळव्याचे वजन. नेहमीसारखी ऊब.

उजवीकडे ताईने नवा गठ्ठा दाबून चाक घट्ट केले. कातरण अडकले आहे हे तिला दिसत नव्हते. तिने विचारले, "हात?"

त्याच क्षणी वहिनीच्या कानात दुसरे कुणीतरी काहीतरी विचारत होते. ते मला ऐकू आले नाही. मला ऐकू आले ते फक्त वहिनीचे उत्तर.

"वर."

माझ्या मेजावर हात होता. वर नव्हता. साऱ्या कारखान्यात हे फक्त मला ठाऊक होते, आणि मला तोंड नाही. मी दांड्याला धरून ठेवायचा प्रयत्न केला. लोखंडाला जितके करता येते तितके केले, आणि लोखंडाला काहीच करता येत नाही. दांडा ओढला गेला.

मग वहिनीचे वाक्य पुरे झाले. "वरच्या फळीवर बघा, डावीकडे."

ताईने ते ऐकले. तिला कळले. तिने दांडा सोडून दिला, पण त्याने काय होणार? पाते एकदा निघाले की तळाला टेकल्याशिवाय थांबत नाही. कारागिराने पहिल्याच दिवशी सांगितले होते.

पुढचे मी फार सांगणार नाही. वहिनीच्या डाव्या हाताची दोन बोटे, अंगठ्याजवळचे आणि मधले, पहिल्या पेरापासून गेली. तीच ती डोळे असलेली. ताईने मोटर बंद केली आणि कापड आणले. शेजारच्या दुकानातून माणसे धावत आली आणि वहिनीला घेऊन गेली. कारखान्यात कुणी उरले नाही. वहिनीच्या कानातली ती बी माझ्या मेजावर पडली होती, खिशातून निसटलेला फोन खाली जमिनीवर होता, आणि बीमधून बारीक आवाज येत होता.

"हॅलो? कोणती फळी? अगं, निळी फाइल म्हणतोय मी. गिऱ्हाईक समोर बसलंय. हॅलो?"

तो दादा होता, त्या दुपारी गिऱ्हाइकाला घेऊन घरी बसलेला.

संध्याकाळी दवाखान्यातून तो एकटाच कारखान्यात आला. दिवाही न लावता माझ्याशेजारी कागदाच्या रिमांवर बसला. मग स्वतःशीच म्हणाला, "फाइल टेबलावरच होती. माझ्यासमोर. मी बघितलंसुद्धा नाही, आधी फोन लावला." त्याचा आवाज ऐकून मला त्याची दया आली आणि त्याचा रागही आला. पण सगळ्यात जास्त भीती मला माझीच वाटली.

दुसऱ्या दिवशी ताईने माझा दांडा काढून कपाटात टाकला आणि माझ्यावर जाड चादर घातली. तीन महिने मी त्या चादरीखाली होते. कागद बाहेरून कापून येऊ लागला. माझ्या पात्यावर गंज चढला आणि मला त्याचे बरे वाटले. बोथट झाले तर कुणाला लागणार तरी नाही. ताई रोज माझ्याजवळून जाताना पावले लांब टाकी. एकदा ती दादाला म्हणाली, "हिला भंगारात देऊन टाक. मला हिच्यासमोर उभं राहवत नाही." दादा म्हणाला, "उद्याच बोलावतो." मला वितळवतील, या विचाराने मला भीती वाटायला हवी होती. पण त्या दिवशी पहिल्यांदाच मी निर्धास्त होते.

भंगारवाला आला त्या सकाळी वहिनीही आली. तिने सगळ्यांना बाजूला केले आणि माझ्यावरची चादर ओढली. मग तिचा डावा हात माझ्या मेजावर टेकला. मी तो लगेच ओळखला. तळव्याचे वजन तेच होते. दोन बोटे कमी टेकत होती.

"हिला का विकताय?" तिने विचारले.

ताई रडवेल्या आवाजात म्हणाली, "वहिनी, मी ओढला गं दांडा. माझ्या हाताने."

"तुम्ही विचारलं होतं," वहिनी म्हणाली. "तुम्ही विचारलंत आणि मी भलत्यालाच उत्तर दिलं. हिचं काय चुकलं? आबा हिच्याजवळ दुसरं काही बोलू द्यायचे नाहीत, आणि आपण हिच्याजवळ सगळ्या गावाला बोलवून बसलो."

दादा दाराशी उभा होता. वहिनी त्याच्याकडे वळली. "आणि तुम्ही. मी फोन उचलला नाही, तर मी काम करतेय असं समजायचं. एवढं जमेल?"

दादा म्हणाला, "जमेल." भंगारवाल्याला त्याने चहा पाजून परत पाठवले.

आठ दिवसांनी दादाने स्वतःच्या हाताने एक लाकडी पेटी केली आणि ती दाराजवळच्या भिंतीवर ठोकली. पेटी हातभर लांब आणि अरुंद आहे. तिच्यात माझा दांडा मावतो किंवा ताईचा आणि वहिनीचा असे दोन फोन मावतात. दोन्ही एकदम मावत नाहीत. मला चालू करायचे तर दांडा बाहेर काढावा लागतो, आणि रिकाम्या पेटीत फोन ठेवावे लागतात. फोन हवा असेल तर माझा दांडा आधी पेटीत परत जातो. आबांचे वाक्य दादाने तिच्यावर खडूने लिहिले आहे. पातं आणि तोंड, एका वेळी एकच.

कधी कधी पेटीत फोन गुरगुरतो. पहिल्या काही दिवसांत वहिनीचे पाऊल आपोआप तिकडे वळे, मग थांबे. ग्रुपवरचे एक गिऱ्हाईक रागावून दुसरीकडे गेले. बाकीचे दुपारच्या सुट्टीपर्यंत थांबायला शिकले. जग बुडाले नाही. दादाला काही विचारायचे असले तर तो स्वतः येतो आणि पाते वर जाईपर्यंत दारात चप्पल काढून मुकाट्याने उभा राहतो.

पण त्या पहिल्या सकाळचे सांगायचे राहिले. पात्याला धार लावून झाली होती. ताईने दांडा बसवला, गठ्ठा दाबला, आणि तिथेच थांबली.

डाव्या अंगाकडून वहिनी म्हणाली, "विचारा ना ताई."

ताईने दांड्यावरून हात काढला.

"विचारा. मी ऐकतेय."

"हात?" ताईने विचारले.

"वर," वहिनी म्हणाली, आणि तिने टाळी वाजवली.

ती पूर्वीची टाळी नव्हती. पूर्वीची भरीव होती, हिच्यात मध्ये थोडी हवा शिरत होती. ताईला ती ऐकवली नाही, पण खात्री हवी होती. ती म्हणाली, "पुन्हा एकदा." वहिनीने पुन्हा वाजवली. मग ताईने दांडा ओढला. पाते खाली गेले, वर आले. मी मेज चाचपून पाहिले. कागद होता. फक्त कागद.

मित्रांनो, मी अजूनही भिते. प्रत्येक गठ्ठ्याला भिते. तुम्ही मोठे व्हाल, कुणी गाडी चालवाल, कुणी औषध मोजाल, कुणी नुसता अभ्यास कराल. तुमच्यासमोर माझ्यासारखे पाते नसेलही. पण तुमच्यासमोरच्या कामालाही डोळे नसतात, ते तुमच्याच लक्षाने पाहते. तुम्ही त्याच्यासमोर उभे राहून दुसऱ्याच कुणाला 'वर' म्हणालात, तर त्याला ते कळायचा काही मार्ग नाही.

आता उद्याच्या गठ्ठ्यांचा कागद आला आहे. सकाळी ताई दांडा घेईल, फोन पेटीत जातील, आणि मी त्या आवाजाची वाट पाहीन. दोन बोटे कमी असलेली ती टाळी मी शंभर टाळ्यांत ओळखते. तुम्ही कधी माझ्यासारखीच्या समोर उभे राहिलात, तर माझी एवढी विनवणी ऐका. टाळी वाजली नाही, तर दांडा ओढू नका.